फंड बुडाला, तर भरून कोण देणार?

मा. डॉ. मनसुख मांडविया,
केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
तथा अध्यक्ष, केंद्रीय विश्वस्त मंडळ, कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना,
नवी दिल्ली यांस,



व्याज वाढवा, हजार रुपयांचं किमान पेन्शन वाढवा, क्लेम लवकर निकाली काढा, अशी निवेदनं आपल्या टेबलावर ढिगानं येत असणार. त्या मागण्यांशी माझं भांडण नाही. माझा प्रश्न जरा रुक्ष आहे, मोर्च्यात त्याची घोषणा होत नाही. पगारातून कापलेला फंड कुठेतरी गुंतवला जातो. ती गुंतवणूक बुडाली तर कायद्यानं जबाबदार कोण, आणि त्या जबाबदारीतून सभासदाच्या खात्यावर प्रत्यक्षात काय जमा होतं?

हे आताच विचारतो आहे, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेची जागा घेणारी नवी योजना तिच्याखाली यायची आहे. एकदा ती राजपत्रात छापून आली की पुढची तीस-चाळीस वर्षं तिच्यावर फक्त परिपत्रकं निघतील. बोलायचं ते आत्ताच.

रत्नागिरीत फंड म्हणजे म्हातारपणाचा खर्च एवढंच नसतं. चिऱ्याचं घर, मुलीचं लग्न, हातउसने फेडून उरलेल्यात चार हापूसची कलमं, हे सगळं त्या एका आकड्यावर बेतलेलं असतं. मुंबईत तीस वर्षं काढून गावी परतणाऱ्याचं तर सगळंच. आणि इथल्या बऱ्याच नोकरदारांचा फंड थेट आपल्या संघटनेकडे नसतोच. एसटीच्या चालक-वाहकाचा फंड महामंडळाच्या ट्रस्टकडे असतो. महावितरणच्या वायरमनचा जुन्या वीज मंडळाच्या नावानं चालणाऱ्या सीपीएफ ट्रस्टकडे असतो. मंडळाच्या २००५ साली कंपन्या झाल्या, ट्रस्ट तसाच राहिला. मोठ्या खासगी कारखान्यांचेही असे ट्रस्ट आहेत. १९५२ च्या कायद्याच्या कलम १७ खाली सूट घेतलेल्या या आस्थापना. देशभरात त्या हजाराहून जास्त आहेत, आणि त्यांच्या सभासदांपैकी बहुतेकांना आपला ट्रस्टी कोण हे ठाऊक नसतं. मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्यांत डोकं घातलं, म्हणून मला या विषयाची गोडी लागली एवढंच.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो, कारण तो वाटतो त्यापेक्षा कडक आहे. सूट मिळालेल्या आस्थापनांच्या अटी १९५२ च्या योजनेच्या परिच्छेद २७ अअ मध्ये आणि त्याच्या परिशिष्टात दिल्या आहेत. विश्वस्त मंडळात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं असायला हवेत. संघटना जे व्याज जाहीर करते, त्याहून कमी व्याज ट्रस्टला देता येत नाही. कमी पडलं तर फरक मालकानं भरायचा. चोरी, अफरातफर किंवा इतर कोणत्याही कारणानं फंडाचं नुकसान झालं तर तेही मालकानंच भरून द्यायचं. सरकारनं ठरवलेल्या साच्याबाहेर गुंतवणूक केली तर विश्वस्त एकेकटे आणि मिळून दंडाला पात्र होतात. शिवाय २०१५ च्या गुंतवणूक अधिसूचनेत स्पष्टच आहे की साच्याच्या आत राहूनही शहाणपणानं, पुरेशी चौकशी करून पैसा गुंतवणं ही विश्वस्तांची विश्वासाची जबाबदारी आहे आणि निर्णयाला तेच उत्तरदायी आहेत. एकाच कंपनीत, एकाच समूहात पैसा साचू देऊ नका, रोख्याची पत घसरली तर बाहेर पडण्याचा विचार करा, असंही त्यात आहे. १८८२ चा न्यास कायदा याच्याही आधीपासून सांगत आला आहे की विश्वस्तानं दुसऱ्याचा पैसा स्वतःचा असल्यासारखा सांभाळावा.

इतका कडक कायदा असूनही माणसं हवालदिल का होतात? याचं उत्तर शोधताना मला आमच्याच जिल्ह्यातल्या एका जुन्या ओळखीच्या नावाशी थांबावं लागलं.

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत बसलं की वाशिष्ठीच्या मुखाशी, अंजनवेलच्या बाजूला, वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. आज तो रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावानं ओळखला जातो. पण गुहागर तालुक्यातला कोणताही माणूस त्याला अजून एन्रॉनच म्हणतो. एन्रॉन म्हटलं की आम्हाला आंदोलनं आठवतात, लाठीमार आठवतो, १९९५ साली रद्द होऊन पुन्हा झालेला करार आठवतो, न परवडणाऱ्या युनिटचा हिशेब आठवतो. २००१ च्या मे महिन्यात वीज मंडळानं वीज घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला, आणि आमच्यापुरता विषय संपला. त्याच वर्षीच्या २ डिसेंबरला तिकडे ह्यूस्टनच्या मूळ कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती निधीचं काय झालं, हे मात्र इथे फारसं कुणी वाचलं नाही.

त्या निधीतली साठ टक्क्यांच्या आसपास रक्कम एन्रॉनच्याच शेअरमध्ये होती. कंपनी आपला हिस्सा रोखीत न देता शेअरमध्ये देत असे, आणि वयाची पन्नाशी येईपर्यंत ते शेअर विकून दुसरीकडे वळता येत नसे. ऑगस्ट २००० मध्ये नव्वद डॉलरला गेलेला शेअर वर्षभरात घसरणीला लागला, तरी अध्यक्ष केनेथ ले सप्टेंबर २००१ मध्ये कर्मचाऱ्यांना शेअर स्वस्त मिळतो आहे, घ्या, असं सांगत होते. त्यात भर म्हणजे ऑक्टोबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत निधीचा कारभार एका संस्थेकडून दुसरीकडे द्यायचा म्हणून सभासदांची खाती गोठवलेली होती. भाव कोसळताना बघायचा, विकायचा नाही. वर्षअखेरीला शेअरची किंमत डॉलरच्या आत आली होती.

अमेरिकेत १९७४ पासून ‘एरिसा’ नावाचा कायदा आहे. निधीचा विश्वस्त बेपर्वा वागला आणि त्यातून नुकसान झालं, तर ते त्यानं स्वतःच्या खिशातून भरून द्यावं, असं त्यात लिहिलेलं आहे. कर्मचारी कोर्टात गेले. निधीच्या समितीवर कंपनीचेच अधिकारी होते. आम्ही योजनेत लिहिल्याप्रमाणे वागलो, असा त्यांचा बचाव होता. २००३ साली ह्यूस्टनच्या न्यायाधीश मेलिंडा हार्मन यांनी दावा फेटाळायला नकार दिला. शेअर ढासळतोय हे माहीत असताना योजनेच्या कागदामागे लपता येत नाही, आणि विश्वस्तांना नेमणाऱ्यांवर देखरेखीचीही जबाबदारी आहे, या मुद्द्यांवर खटला पुढे चालू दिला. २००४ मध्ये संचालक आणि समितीचे सदस्य यांच्याबाबत साडेआठ कोटी डॉलरची तडजोड झाली. बुडालेले पैसे शंभर कोटी डॉलरच्या वर होते, आणि तडजोडीतली बहुतेक रक्कम विमा कंपन्यांनी दिली. खिशातून भरून देण्याच्या कायद्याचा प्रत्यक्ष उतारा हा असा.

मंत्रिमहोदय, दोन्ही कायदे शेजारी ठेवून बघा. अमेरिकन कायदा विश्वस्त कसा वागला ते विचारतो. नीट चौकशी करून, कारणं नोंदवून, सभासदाच्या हितासाठी पैसा लावला आणि तरी बाजार पडला, तर तो विश्वस्ताला सोडतो. आपला नियम मालकाला ‘कोणत्याही कारणानं’ झालेला तोटा भरायला लावतो. कागदावर आपला सभासद अमेरिकन सभासदापेक्षा जास्त सुरक्षित आहे. पण ही सगळी सुरक्षितता मालकाच्या खिशावर उभी आहे. त्या खिशाला भोक पडलेलं असेल तर?

एसटीचंच घ्या. महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे असल्याचं राज्य सरकारच्या २०२५ च्या श्वेतपत्रिकेत आहे. पगारातून कापलेली रक्कम ट्रस्टकडे वेळेवर भरली जात नाही, ही तक्रार कामगार संघटना जाहीरपणे करत आल्या आहेत. कापून घेऊन न भरणं हा फौजदारी विश्वासघात ठरतो, हे दंड संहितेत होतं आणि न्याय संहितेतही आहे, ते वेगळंच. उद्या या ट्रस्टचा एखादा मोठा रोखा बुडाला, तर तो भरून देण्याची हमी कुणाची? ज्याला डिझेलच्या बिलाची जुळवाजुळव करावी लागते त्याचीच.

आणि रोखे बुडतात. मुंबईच्या आयएल अँड एफएस या वित्त कंपनीचे रोखे ऑगस्ट २०१८ पर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सर्वांत वरच्या पतीचे होते. सप्टेंबरमध्ये तेच ‘डी’ झाले, म्हणजे परतफेड थकली. १ ऑक्टोबरला केंद्र सरकारनं संचालक मंडळ बाजूला सारलं, तोवर समूहाच्या कर्जाचा आकडा नव्वद हजार कोटींच्या वर गेलेला होता. सरकारी उपक्रमांपासून खासगी कारखान्यांपर्यंत कितीतरी फंड-ट्रस्टांनी हे रोखे सुरक्षित म्हणून घेतले होते. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात ते हात जोडून उभे राहिले तेव्हा कळलं की त्यांच्याकडचे बहुतेक रोखे विनातारण होते, म्हणजे पंगतीत शेवटचं पान. ज्या तीन पतमापन संस्थांनी ट्रिपल ए दिलं होतं त्यांना सेबीनं डिसेंबर २०१९ मध्ये प्रत्येकी पंचवीस लाखांचा दंड केला. हा आकडा पुन्हा वाचावा, अशी विनंती.

उत्तर प्रदेशात याहून वाईट झालं. तिथल्या वीज कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टनं २०१७-१८ मध्ये डीएचएफएल या मुंबईच्या गृहकर्ज कंपनीत चार हजार कोटींहून जास्त ठेवी ठेवल्या. कंपनी बुडाली तेव्हा त्यातले दोन हजार दोनशे अडुसष्ट कोटी अडकले. ट्रस्टचे सचिव आणि वीज कंपनीचे माजी वित्त संचालक २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये अटकेत गेले, कर्मचारी रस्त्यावर उतरले, आणि राज्य सरकारला पैशाची हमी द्यावी लागली. म्हणजे ज्या करदात्याचा त्या ट्रस्टशी काडीचा संबंध नाही, तो जामीन राहिला. माणसं तुरुंगात गेली म्हणून सभासदाच्या पासबुकात एक रुपया वाढला नाही.

आता एक वही दाखवतो. कोकणातल्या एका कारखान्याच्या ट्रस्टचं इतिवृत्त मी पाहिलं आहे. नाव सांगणार नाही, कारण अशा वह्या सगळीकडे सारख्याच असतात. सभा दुपारी साडेतीनला सुरू, चारला समाप्त. विषय क्रमांक चार, शिल्लक रकमेची गुंतवणूक. ठराव: सोबतच्या यादीतील अनुक्रमांक एक ते पाचचे रोखे खरेदी करण्यास सर्वानुमते मंजुरी. सूचक, अनुमोदक, खाली सह्या. सोबतची यादी रोखे विकणाऱ्या दलालानंच पाठवलेली. तिच्यात कंपनीचं नाव, व्याजाचा दर, मुदत आणि पत एवढे चार रकाने. हेच पाच रोखे का, दुसरे का नाहीत, या कंपनीवर आधीच किती कर्ज आहे, रोख्याला तारण आहे का, दलालाला किती टक्के मिळतात, यातला एकही प्रश्न कुणी विचारल्याची नोंद नाही. कामगारांच्या बाजूनं सही करणारा एक फिटर होता. तो शिफ्ट मध्येच सोडून आला होता आणि त्याला परत मशीनवर जायचं होतं. साहेबांनी सांगितलं, ट्रिपल ए आहे, काळजी नाही. त्यानं सही केली. उद्या ‘एकेकटे आणि मिळून’ जबाबदारी आली तर ती त्या फिटरवरही येणार आहे.

हे मला फार खटकतं. कामगारांचा प्रतिनिधी विश्वस्त मंडळावर हवाच, त्याशिवाय ट्रस्ट म्हणजे कुंपणानंच शेत खाण्याची सोय. पण त्याला बॅलन्स शीट वाचायला कुणी शिकवत नाही, सभेची कागदपत्रं आठवडाभर आधी हातात पडत नाहीत, आणि नाही म्हणायचं तर त्याच साहेबासमोर म्हणायचं जो त्याची बढती ठरवतो. त्याच्यावर साहेबाइतकीच जबाबदारी टाकणं हा न्याय नाही. आणि तुला कळत नाही म्हणून तू सुटलास, असं म्हणणं हा सभासदावर अन्याय आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तोट्याचा निकाल नोंदीवर लागावा. बाजार कुणाच्या बापाचा नाही. प्रत्येक तोट्यासाठी विश्वस्ताची मान पकडली तर शहाणा माणूस ट्रस्टी होणार नाही आणि सगळा पैसा सरकारी रोख्यांत जाऊन बसेल. पण गुंतवणुकीच्या दिवशी लेखी कारण नसेल, पत घसरल्यावर ठरावीक दिवसांत सभा घेऊन ‘ठेवायचं की विकायचं’ हे लिहून ठेवलं नसेल, तर तो हलगर्जीपणा समजावा आणि तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार विश्वस्तावर असावा. जो विश्वस्त विरोध नोंदवेल त्याला त्या निर्णयापुरतं मोकळं ठेवावं आणि त्याच्या नोकरीला संरक्षण द्यावं. हे २०१५ च्या अधिसूचनेच्या आत्म्यात आहेच. मात्र ते सभासदाच्या हातातलं हत्यार झालेलं नाही, कारण सभासदाला वही दिसतच नाही.

ती दाखवा. वर्षातून दोनदा ट्रस्टनं आपल्याकडचे सगळे रोखे, त्यांची आजची पत, बुडीत किंवा थकीत किती, दलाली किती दिली, हे सभासदांना त्यांच्या भाषेत द्यावं. आज सभासदाला शिल्लक आणि व्याज कळतं. पैसा कुठे आहे हे कळत नाही. माहिती अधिकारात मागितलं तर खासगी ट्रस्ट आपण त्या कायद्यात येत नाही म्हणतात. आणि इतिवृत्ताची प्रत मागण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला असावा, कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्यापुरता नव्हे.

मग मालकाच्या खिशाचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या खटल्यात साखर कारखान्यांच्या थकीत फंडाला बँकेकडे गहाण टाकलेल्या साखरेच्याही आधीचं स्थान दिलं. दिवाळखोरी संहितेच्या कलम ३६ नं फंड, पेन्शन, उपदान यांची देणी वाटणीच्या मालमत्तेबाहेर ठेवली. जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांच्या बाजूनं अपील न्यायाधिकरणानं २०२२ मध्ये याच धर्तीवर निकाल दिला. हे सगळं न भरलेल्या वर्गणीबद्दल आहे. भरलेली वर्गणी गुंतवणुकीत बुडाली आणि मालकानं ती भरून द्यायची होती, तर ती भरपाई याच कवचात येते का? मला वाटतं यायला हवी. न्यायालयानं दहा वर्षांनी सांगण्याऐवजी आपण आत्ताच योजनेत एका वाक्यात लिहावं. त्यासोबत ट्रस्टच्या निधीच्या आकारानुसार विश्वस्तांच्या जबाबदारीचा विमा सक्तीचा करावा. एन्रॉनच्या लोकांना त्या तडजोडीत जे मिळालं ते बहुतेक अशा विम्यामुळे, हे विसरून चालणार नाही.

एक गोष्ट आपल्या स्वतःबद्दल. सूट घेतलेल्या ट्रस्टचे विश्वस्त दंडाला पात्र आहेत, पण १९५२ च्या कायद्यातलं कलम १८ सद्भावनेनं केलेल्या कृतीला संरक्षण देत आलं, आणि ते पांघरूण सगळ्यात उबदार आपल्या केंद्रीय मंडळाला आहे. आपली संघटना २०१५ पासून शेअर बाजारातही पैसा लावते. सद्भावना कुणी नाकारत नाही. पण कोकणातल्या फिटरनं कारण लिहून ठेवावं अशी अपेक्षा करायची, तर तीच अपेक्षा दिल्लीतल्या देशातल्या सर्वांत मोठ्या विश्वस्त मंडळाकडूनही हवी, आणि त्या मंडळाची इतिवृत्तंही वेळेवर, पूर्ण, सगळ्यांना वाचता येतील अशी हवीत. १९९९ साली शिवकुमार जोशी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फंडाचा सभासद हा ग्राहक आहे असं ठरवलं, त्यामुळे सेवेत कुचराई झाली तर आम्हाला ग्राहक मंचाचं दार उघडं झालं. नव्या योजनेत ते दार कुठल्याही शब्दानं अर्धवट लोटलं जाऊ नये.

आपण या योजनेचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध कराल तेव्हा तो इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही काढावा, आणि हरकतींसाठी निदान साठ दिवस द्यावेत. रत्नागिरी डेपोत आणि महावितरणच्या सेक्शन ऑफिसात तो फलकावर लावायची जबाबदारी इथल्या कामगार संघटना आनंदानं घेतील. आणि ज्यांचा फंड ट्रस्टकडे आहे अशा वाचकांना विनंती, या आठवड्यात आपल्या कार्यालयात विचारा की आपले ट्रस्टी कोण आहेत, आणि ते उत्तर लेखी घ्या.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापाल, रत्नागिरी